ना. ह. आपटे कुठे गेले? एका वाचनालयाचं दाखल रजिस्टर आणि कोड न लिहिता केलेलं ॲप

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. स्वातंत्र्याआधी सुरू झालेलं. दहा हजारांवर पुस्तकं, एक ग्रंथपाल, एक लिपिक, एक शिपाई. पुस्तकांची सगळी माहिती दाखल रजिस्टरांत, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या वह्यांत, हाताने लिहिलेली. तालिकेची कार्डं होती, ती केव्हाच विस्कटली. एखादं पुस्तक आहे का, असं सभासदाने विचारलं की उत्तर ग्रंथपालबाईंच्या डोक्यातून येतं. ते बहुतेक वेळा बरोबर असतं, पण बाई लवकरच निवृत्त होणार आहेत.

छोट्या वाचनालयांना संगणकाच्या कामात मी मदत करतो, म्हणून कार्यवाहांनी मला बोलावलं. मागणी साधी होती: पुस्तकं मोबाइलवर शोधता यावीत, खर्च फार नसावा, आणि पुढे काही बदलायचं झालं तर दर वेळी बाहेरच्या माणसाला बोलवावं लागू नये. ही तिसरी अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरूनच झाले.

तयार प्रणाली का नाही

ग्रंथालयांसाठी तयार संगणकप्रणाली भरपूर आहेत. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये लिहिली गेली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली. आज ती जगभर चालते. आपल्याकडे एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, ‘ई-ग्रंथालय’ आहे. दोन्ही चांगल्या आहेत. पण दोन्हींत आधी दहा हजार नोंदी भराव्या लागतात, आणि या वाचनालयाचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. पूर्वी एकदा टंकलेखनाचं काम बाहेर दिलं होतं. पहिल्या काही शे नोंदींनंतर ते थांबलं, कारण टंकणाऱ्याला अक्षर लागत नव्हतं आणि दर दोन ओळींनी बाईंना विचारावं लागत होतं.

म्हणजे कामाचे दोन भाग होते. हस्तलिखित रजिस्टर वाचून तक्त्यात उतरवायचं, आणि त्या तक्त्यावर शोधाचं ॲप उभं करायचं. पहिल्या भागात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, कामाला येईल असं वाटत होतं. दुसऱ्या भागात ती कितपत लागेल याची मला शंका होती.

आता एआयला सांगून पूर्ण संकेतस्थळ लिहून घेता येतं. एआय संशोधक आंद्रेय कार्पथी यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला ‘व्हाइब कोडिंग’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. हा रस्ता मी टाळला. तिथे कोड असतोच, फक्त तो आपण लिहिलेला नसतो. वर्षभराने काही बिघडलं की गावातल्या कुणालाही न समजणाऱ्या ओळींचा ढीग हाती उरतो. त्याऐवजी तीन साधनं घेतली. साठा गूगल शीट्समध्ये, म्हणजे ऑनलाइन तक्त्यात. पान वाचण्यासाठी ‘ओपल’: हे साधन गूगलने २०२५ च्या जुलैत अमेरिकेत आणलं आणि ऑक्टोबरमध्ये भारतासह आणखी १५ देशांत खुलं केलं. त्यात कामाच्या पायऱ्या साध्या भाषेत लिहायच्या, की त्याचं छोटं ॲप तयार होतं. शोधासाठी ‘ॲपशीट’, जे शीटच्या रकान्यांवरून मोबाइल ॲप बनवतं. गूगलने ते २०२० च्या जानेवारीत विकत घेतलं. तिन्ही ठिकाणी जे काही आहे ते मराठीत वाचता येतं आणि बाईंना बदलता येतं.

रजिस्टर म्हणजे काय चीज आहे

दाखल रजिस्टरात प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, वर्गांक, शेरा. ऐकायला हा तयार तक्ताच वाटतो. प्रत्यक्षात हे रजिस्टर म्हणजे चार-पाच ग्रंथपालांच्या सवयींचा इतिहास आहे.

एकाच प्रकाशकाची दहा पुस्तकं लागोपाठ आली की पहिल्या ओळीत नाव आणि खाली नऊ डिट्टोच्या खुणा. पान उलटलं तरी डिट्टो चालूच, मग नव्या पानाच्या फोटोत मूळ नाव कुठेच नसतं. बाद झालेल्या पुस्तकांवर लाल शाईची आडवी रेघ आणि शेऱ्यात ‘जीर्ण’ किंवा ‘गहाळ’. जुन्या किमती ‘२-८-०’ अशा, म्हणजे दोन रुपये आठ आणे शून्य पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पण आमच्या रजिस्टरात आणे त्यानंतरही काही काळ रेंगाळलेले दिसतात. आकडे देवनागरी, आणि घाईत लिहिलेला १ बघता बघता ९ होतो.

शुद्धलेखनही बदलत गेलं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, तेव्हा उच्चारात न येणारे अनुस्वार गेले आणि शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला. आधीच्या नोंदींत ‘कवि’, ‘नाहीं’, ‘कांहीं’. नंतर ‘कवी’, ‘नाही’, ‘काही’. मधली काही वर्षं दोन्ही सुखाने एकत्र नांदतात.

पहिलं वाचन

फोनवर काढलेला एका पानाचा फोटो जेमिनीला, म्हणजे गूगलच्या एआयला दिला आणि तक्ता मागितला. आलेला तक्ता पाहून खोलीतले सगळे गप्प झाले. ज्या अक्षरापुढे टंकलेखनवाला हरला होता ते अक्षर यंत्राने ओघात वाचलं होतं. लिपिक तर म्हणाला, ‘सर, आठवड्यात उडवून टाकू.’

बाईंनी चष्मा लावला, रजिस्टर जवळ ओढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. पाचव्या-सहाव्या ओळीला थांबल्या. ‘इथे ना. ह. आपटे आहेत. याने ह. ना. लिहिलंय.’

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) हे मराठी कादंबरीतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) हे वेगळे कादंबरीकार. ‘कुंकू’ हा १९३७ चा चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला ती त्यांची. आपल्या काळात ते खूप वाचले गेले, आणि म्हणूनच या वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरात पुन्हा पुन्हा येतात. रजिस्टरात ‘ना. ह.’ अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं. अक्षर वाईट नव्हतं.

मग यंत्र का चुकलं? टेसरॅक्टसारखी जुन्या धाटणीची अक्षरओळख प्रणाली अक्षराच्या आकाराकडे बघते. हस्ताक्षर लागलं नाही की ती अर्थहीन अक्षरांची रांग काढते. तशी चूक लगेच दिसते, कारण ती मराठी वाटतच नाही. जेमिनीसारखं भाषेचं मोठं प्रारूप (लार्ज लँग्वेज मॉडेल) आकार बघतं, आणि त्यासोबत ‘इथे काय असण्याचा संभव जास्त’ याचाही अंदाज बांधतं. पुसट अक्षर ते वाचू शकतं ते याच अंदाजामुळे, आणि चुकतंही त्याच अंदाजामुळे. त्याने शिकताना पाहिलेल्या मजकुरात ह. ना. आपटे पाठ्यपुस्तकांपासून वाङ्मयेतिहासापर्यंत सगळीकडे असणार, ना. ह. आपटे क्वचित. म्हणून ते प्रसिद्ध नावाकडे झुकतं, आणि त्याची चूक निर्दोष मराठीत येते. ती पकडायला ना. ह. आपटे कोण हे माहीत असलेला माणूस समोर बसलेला लागतो.

परिणाम बघा. तक्ता असाच राहिला असता तर पुस्तक कपाटात असतं, पण ना. ह. आपटे शोधणाऱ्याला ‘नाही’ असं उत्तर मिळालं असतं. आणि हे एका लेखकापुरतं नाही. अशा वाचनालयाची खरी दौलत म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांनी छापलेले कवितासंग्रह, कुणाची एकुलती एक कादंबरी, गावाचा इतिहास, बंद पडलेल्या प्रकाशनांची पुस्तकं. गाजलेली पुस्तकं पुण्यातही मिळतात. जी फक्त इथेच असण्याची शक्यता आहे त्यांच्या लेखकांची नावं यंत्राने सर्वांत कमी पाहिलेली असतात. म्हणजे ते सगळ्यांत जास्त तिथेच चुकणार, जिथे चूक सगळ्यांत महाग पडते. हे लक्षात आल्यावर आमच्या कामाची दिशा बदलली. वेग हा मुद्दा मागे पडला.

सूचना कशी लिहिली

ओपलमधल्या ‘पान वाचक’ ॲपला तीनच पायऱ्या आहेत: फोटो घेणे, वाचणे, तक्ता देणे. सगळं मर्म मधल्या पायरीच्या सूचनेत. ती बऱ्याच वेळा बदलली. आज ती अशी आहे:

‘हे ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टराच्या अर्ध्या पानाचं छायाचित्र आहे. जे लिहिलं आहे तेच उतरव. शुद्धलेखन सुधारू नकोस. जुने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ जसेच्या तसे ठेव. लेखकाच्या आद्याक्षरांचा क्रम बदलू नकोस आणि आद्याक्षरांवरून पूर्ण नाव करू नकोस. आकडे देवनागरीतच ठेव. किंमत २-८-० अशी असेल तर तशीच लिही, तिचा दिनांक किंवा पूर्ण संख्या करू नकोस. डिट्टोच्या खुणेच्या जागी [डिट्टो] लिही, वरचा मजकूर भरू नकोस. लाल रेघ असलेल्या ओळीच्या शेवटी [रेघ] लिही. जे वाचता येत नाही तिथे [?] लिही. अंदाज करण्यापेक्षा [?] चांगलं.’

शेवटचं वाक्य बाईंचं. ते घातल्यावर प्रश्नचिन्हं वाढली आणि तक्ता आधीपेक्षा ओबडधोबड दिसू लागला. आम्हाला तेच हवं होतं.

‘अर्ध्या पानाचं’ हेही अनुभवातून आलं. पूर्ण पानाच्या फोटोत ओळी दाट असल्या की यंत्र मधली एखादी ओळ गाळायचं, किंवा दोन ओळी एकत्र करायचं. अर्ध्या पानावर ते प्रमाण बरंच उतरलं. फोटो रंगीतच लागतो, नाहीतर लाल रेघ काळी होते आणि बाद झालेलं पुस्तक जिवंत होऊन तक्त्यात येतं. शिवणीजवळ सावली पडते, म्हणून रजिस्टर खिडकीशी नेऊन पानावर काच ठेवतात.

एक मोहाचा उपाय होता: बाईंकडून वाचनालयातल्या लेखकांची यादी घ्यायची आणि ती सूचनेतच द्यायची, म्हणजे यंत्र नावं बरोबर ओळखेल. करून पाहिलं तर यंत्र यादीबाहेरच्या नावांनाही ओढूनताणून यादीत बसवू लागलं. आता यादी वाचनाआधी देत नाही. वाचन झाल्यावर शीटमध्ये ताडून बघायला वापरतो. यादीत नसलेलं नाव पिवळं होतं, आणि पिवळ्याचा अर्थ एवढाच की बाईंनी बघावं.

सर्जनशीलतेचा मापांक, ज्याला ‘टेम्परेचर’ म्हणतात, तो गूगलच्या एआय स्टुडिओत, जिथे जेमिनीच्या सेटिंग बदलता येतात, शून्यावर आणूनही पाहिला. त्याने उत्तरं स्थिर होतात, बरोबर होत नाहीत. ह. ना. आपटे दर वेळी तितक्याच ठामपणे आले.

यंत्रावर विसंबायची गरज नसलेल्या तपासण्या

रजिस्टरात जुन्या ग्रंथपालांनी स्वतःच तपासाची सोय करून ठेवली होती. ती आम्ही शीटमध्ये आणली.

दाखल क्रमांक सलग असतात. लिपिक पानावरचा पहिला आणि शेवटचा क्रमांक स्वतः टंकतो. शेवटच्यातून पहिला वजा करून एक मिळवला की ओळींची संख्या आली पाहिजे. नाही आली तर ते पान पुन्हा. गाळलेली ओळ यातून निसटत नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी किमतीची बेरीज आहे. त्यासाठी किमतीचे दोन रकाने केले. एकात मूळ ‘२-८-०’, दुसऱ्यात सूत्राने काढलेले २.५० रुपये. एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै हे सूत्रात घातलं की जुन्या पानांच्या बेरजाही जुळतात. बेरीज जुळली की १ आणि ९ ची गल्लत त्या रकान्यापुरती संपते. वीस ओळींची बेरीज आण्या-पैंत चोख करणाऱ्या त्या जुन्या ग्रंथपालांबद्दल या कामात मला फार आदर वाटला.

तिसरी तपासणी म्हणून तेच पान दुसऱ्या कंपनीच्या प्रारूपाकडून वाचून घेतलं आणि दोन तक्ते घरागणिक ताडले. वर्ष, पृष्ठे, वर्गांक यांत ही पद्धत उत्तम चालते. दोघांचं जुळलं तर बहुधा बरोबर असतं. लेखकाच्या रकान्यात मात्र ती फसवी आहे. दोन्ही प्रारूपं साधारण त्याच मजकुरावर शिकलेली असल्यामुळे प्रसिद्ध नावाकडे दोघंही झुकतात. दोघांनी मिळून एकच चूक केली की ती खात्रीसारखी दिसते.

म्हणून नियम असा ठरला: लेखकाचा रकाना माणूस पूर्ण बघणार, प्रत्येक ओळ. बाकीच्या रकान्यांत फक्त जिथे तपासणी अडली तिथे. हे काम बाईंचं. रोज दुपारी देवघेव बंद असते तेव्हा त्या रजिस्टर आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून बसतात. अख्खं टंकण्यापेक्षा हे कितीतरी कमी, आणि ज्या रकान्यात त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओळखीला पर्याय नाही तिथेच ती ओळख खर्ची पडते.

शोध: जिथे एआय लागलंच नाही

ॲपशीटमध्ये शीट जोडली की दहा मिनिटांत चालणारं ॲप हातात येतं, हे खरं आहे. पण त्याच्या आयत्या शोधचौकटीत सभासदाने ‘कवी’ टाकलं तर ‘कवि’ सापडत नाही. उपाय सूत्राचा. शीर्षक आणि लेखक यांचा एक लपलेला ‘शोधरूप’ रकाना केला. त्यात सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतात आणि अनुस्वार गळतात. शोधाची चौकट वेगळी करून तिच्यात टंकलेल्या शब्दालाही तेच सूत्र लावलं. मग ‘नाहीं’ आणि ‘नाही’ दोन्ही ‘नाहि’ होऊन भेटतात. दिसताना मात्र शीर्षक मूळ लेखनातच दिसतं. या पद्धतीत कधी दोन भिन्न शब्द एकत्र येतात आणि यादीत एखादं जास्तीचं पुस्तक दिसतं. ते चालतं. असलेलं पुस्तक न दिसणं चालत नाही.

कार्यकारी मंडळातल्या एका तरुण सदस्याची फार इच्छा होती की सभासदाला मनमोकळं विचारता यावं: ‘मुलांसाठी विज्ञानावर काही आहे का?’ त्यासाठी संवादी सहायक करून पाहिला. त्याने अतिशय सुंदर यादी दिली. त्यातली काही पुस्तकं वाचनालयात नव्हती, आणि काही कुठेही असतील असं मला वाटलं नाही. शीटमधल्याच ओळी वापर असं बजावल्यावर बरंच सुधारलं, तरी अधूनमधून दोन ओळींची माहिती एका पुस्तकावर चिकटायची. ग्रंथालयाच्या खिडकीशी आलेल्या मुलाला नसलेल्या पुस्तकाचं नाव सांगणं मला पटलं नाही. बाईंनाही नाही.

मग पुस्तकांना विषयाचे शब्द एआयकडून लावून घ्यावेत का? शीर्षकावरून ते अंदाज करतं, आणि कादंबरीच्या नावात नदी असली की तिला भूगोलात टाकतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘वर्गांक आहे की.’ खरंच होता. १८७६ पासून चालत आलेल्या ड्यूईच्या दशांश पद्धतीचे आकडे रजिस्टरात रकानाभर लिहिलेले. ५०० ते ५९९ विज्ञान, ८९१.४६ मराठी साहित्य. त्यावरून ॲपमध्ये मराठी नावांची बटणं केली, बालविभागाची खूण जोडली, आणि ‘मुलांसाठी विज्ञान’ दोन टिचक्यांत आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, चाळून त्याला आकडा दिला, त्यांचं काम कुठल्याही अंदाजापेक्षा वरचढ निघालं.

आज सभासद जे ॲप बघतात त्यात एआय कुठेही नाही. ते फक्त रजिस्टर उतरवण्याच्या टप्प्यावर आहे.

कोणती पानं दाखवायची नाहीत

सभासद नोंदवहीचे फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तिच्यात नावं, पत्ते, फोन आहेत, कोण काय वाचतं हेही आहे. जेमिनीच्या विनामूल्य वापराच्या अटींत दिलेला मजकूर सुधारणेसाठी वापरला जाऊ शकतो आणि माणसं तो पाहू शकतात, असं गूगल सांगतं. पुस्तकांच्या यादीला त्याने काही होत नाही, माणसांच्या यादीला होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आता आहेच. पण कायदा नसता तरी वाचकाने कुठलं पुस्तक नेलं हे त्याच्या आणि वाचनालयाच्या बाहेर जाऊ नये असंच माझं मत आहे. देवघेव अजून जुन्या पद्धतीने, वहीतच चालते.

सगळी खाती वाचनालयाच्या स्वतंत्र जीमेलवर काढली, कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. परवलीचा शब्द मंडळाच्या कपाटात बंद पाकिटात. दर महिन्याला शीटची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतात. ओपल किंवा ॲपशीट उद्या बंद पडलं किंवा महागलं तरी तक्ता वाचनालयाचा राहतो, आणि तो कोहात किंवा ई-ग्रंथालयात नेता येतो.

बाईंनी केलेला बदल

ॲप शोधासाठी केलं होतं, पण त्याचा सर्वांत चांगला उपयोग साठा पडताळणीत झाला. शिपाई फोन घेऊन कपाटाकपाटाशी जातो, दाखल क्रमांक टाकतो आणि ‘जागेवर आहे’वर खूण करतो. पूर्वी यासाठी दोन माणसं लागायची, एक पुकारणारा आणि एक रजिस्टर उलटणारा.

पडताळणी सुरू झाल्यावर एकदा गेलो तर फॉर्मवर ‘जागेवर आहे’शेजारी आणखी तीन पर्याय दिसले: ‘बांधणीला’, ‘जीर्ण, चालण्यासारखं’, ‘जीर्ण, बाद’. मी केले नव्हते. बाईंनी ॲपशीट उघडून रकान्याच्या पर्यायांत स्वतः घातले होते. ‘जीर्ण’चे दोन प्रकार मला कधीच सुचले नसते. कुठलं पुस्तक फाटकं असूनही लोक नेतात आणि कुठलं आता हात लावण्याजोगं राहिलं नाही, हा फरक खिडकीशी बसणाऱ्यालाच कळतो. संगणकवाल्याला सांगा, त्याने करा, मग ते बघा, पुन्हा सांगा, या फेऱ्यात असे फरक सांगायचे राहून जातात. कोड न लिहिता ॲप करण्याचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच. काम जाणणारा माणूस स्वतः हात घालतो.

त्याची एक बाजू सावध राहण्याची आहे. दुसऱ्या एका वेळी लिपिकाने शीटमधल्या एका रकान्याचं नाव बदललं आणि शोध बंद पडला. आता शीटचा शीर्षकांचा पहिला आडवा पट्टा कुलूपबंद आहे आणि बदल काय केला, का केला हे एका वहीत लिहितात.

सध्या कुठे आहे

अलीकडच्या रजिस्टरांचं काम झालं आहे. जुन्यांपैकी दोन चालू आहेत. ॲपशीट चाचणीसाठी १० जणांपर्यंत मोफत असतं. नियमित वापराला माणशी दरमहा शुल्क आहे. सगळ्या सभासदांच्या फोनवर ते देणं म्हणूनच परवडणारं नाही. मंडळापुढे प्रस्ताव असा आहे की कर्मचाऱ्यांपुरते परवाने घ्यावेत, खिडकीशी एक टॅबलेट ठेवावा आणि सभासदांसाठी तीच शीट फक्त बघण्यापुरती खुली करावी.

सर्वांत जुन्या रजिस्टराला वाळवी लागलेली आहे. शाई उडाली आहे, कडा गेल्या आहेत. पान वाचकात त्याची दोन पानं घालून पाहिली, तर एक जवळपास अख्खं [?] आलं आणि दुसऱ्यावर यंत्राने सूचना डावलून छान छान नावं रचली. ते रजिस्टर बाजूला काढलं. ते बाई स्वतः वाचतात, फोनवर मराठी श्रुतलेखन चालू ठेवून, आणि लिपिक शेजारी बसून रकाने लावतो. जिथे त्यांनाही लागत नाही तिथे कपाटातून पुस्तक काढून मुखपृष्ठाच्या आतलं पान बघतात. निवृत्तीआधी ते एक रजिस्टर पुरं व्हावं म्हणून मंडळाने दुपारच्या वेळात त्यांच्याकडची बाकीची कामं लिपिकाकडे दिली आहेत.